मेम्फिसला कोणी गेलंच नव्हतं

मेरिडियन, मिसिसिपी
१२ सप्टेंबर १९९१

शार्लीन,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही.

तुझं पाकीट मिळालं. पत्र असेल म्हणून चष्मा शोधला, तर आत फॉर्म. दवाखान्याचा छापील फॉर्म आणि त्याला टाचलेली चिठ्ठी, 'घराण्यातले आजार भरून पाठव, घाई आहे.' तुला बाळ होणार हे मला त्या फॉर्मवरून कळलं. आनंद झाला. डिसेंबरच्या मध्याला म्हणजे ऐन थंडीतलं बाळंतपण, आणि मिलवॉकीची थंडी काही साधी नाही. वेंडेलला म्हणावं, खिडक्यांच्या फटी आत्ताच बुजव. नवरे लोक बर्फ पडायला लागल्यावर कापूस शोधायला निघतात.

फॉर्म भरून सोबत ठेवला आहे. काही गोष्टी चौकटीत मावल्या नाहीत, त्या इथे लिहिते.

शुगर: तुझ्या वडिलांना होती, त्यांच्या चारही भावांना होती. त्या घराण्यात लग्नाला केक आणतात तो पाहुण्यांसाठी.

बीपी: मला. रोज जेवल्यावर गोळ्या घेताना तू मला बघितलंच आहेस.

हृदय: तुझ्या मोठ्या आईचं, म्हणजे माझ्या आईचं. फेब्रुवारीत तिला पुरलं तेव्हा तू होतीस.

जुळी: नाहीत. तुझी ओरा ली मावशी एकटीच दोघींचं बोलते, पण ते फॉर्ममध्ये धरत नाहीत.

मानसिक आजार: 'नाही'वर खूण केली. असले आजार आपल्या लोकांत नसतात. मोठी आई ज्या गोऱ्या बाईंकडे कामाला होती त्यांना नसांचा, म्हणजे मन खचण्याचा त्रास होता. पडदे ओढून पडून राहायच्या आणि मोठी आई ट्रेमधून सूप न्यायची. घरी येऊन पाय चोळत म्हणायची, "नसांचा त्रास व्हायला घरात मोलकरीण असावी लागते, पोरींनो. आपल्याला सवड कुठे?"

आता राहिलं ते दफनाच्या दिवसाचं. चर्चच्या तळघरात सगळी जेवायला बसलेली आणि तू माझ्यासमोर उभी राहून म्हणालीस, "आई गेली तरी तुझ्या डोळ्यांत टिपूस नाही. मेम्फिसच्या त्या लॉनीसाठी तरी रडली होतीस का?" लोकांनी काटेसुद्धा खाली ठेवले. त्याचा मला राग नाही. बारा दिवसांची मुलगी टाकून जी बाई परक्या माणसामागे जाते आणि चार वर्षांनी रिकाम्या हाताने परत येते, तिला मुलीने फुलं द्यावीत अशी अपेक्षा नाही. सात महिने तू बोलली नाहीस, तेही साहजिकच.

पिकनचे दाणे सोलून वेगळे पाठवते. कच्चे खाऊ नकोस, भाजून खा.

लुवेनिया


३ ऑक्टोबर १९९१

शार्लीन,

त्या फॉर्ममधलं एक उत्तर चुकीचं आहे. मानसिक आजार: 'नाही' खोड आणि 'हो' कर. कोणाला, असं विचारलं असेल तर माझं नाव लिही.

हे आज का सुचलं ते सांगते. सोमवारी माझी दवाखान्याची पाळी होती. मी महिन्याला एकदा जाते, कामावर, शाळेच्या स्वयंपाकघरात, सांगते की बीपीसाठी. तिथे इव्होन नावाची नर्स आहे. आपलीच पोरगी, चर्चच्या मागच्या गल्लीतली, पण तोंडाला कुलूप असलेली. रक्त घेता घेता म्हणाली, "मिस लुवेनिया, तुमच्या शार्लीनला दिवस गेलेत म्हणे? अभिनंदन हं. तिला सांगितलंत ना?"

"काय सांगायचं?"

"तुमचं. तुम्हाला बाळंतपणातच पहिल्यांदा झालं होतं ना? मुलीलाही होऊ शकतं. होईलच असं नाही. पण तिच्या डॉक्टरला ठाऊक असलेलं बरं, म्हणजे ते लक्ष ठेवतात."

"सांगितलंय," मी म्हणाले.

तीन आठवड्यांतलं हे दुसरं खोटं. एक खोटं मी पंचवीस वर्षं वाहिलं, त्याची सवय झाली होती. हे नवीन पेलवेना. घरी येऊन मी कोबी चिरायला घेतला आणि चिरत चिरत अख्खा गड्डा संपला, एकटीला तीन दिवस पुरला.

तर ऐक. माझ्या गोळ्या बीपीच्या नाहीत. बीपी माझं तरण्या पोरींना लाजवील असं आहे. त्या डोक्याच्या गोळ्या आहेत. आणि मेम्फिसला मी आजतागायत गेलेली नाही. लॉनी नावाचा कोणी माणूस नव्हता. रेल्वेतली नोकरी, सोन्याचा दात, सगळं बनवलेलं. तू बारा दिवसांची असताना मला राज्याच्या वेड्यांच्या हॉस्पिटलात नेलं, आणि मी तिथे चार वर्षं होते.

लॉनी आपल्या स्वयंपाकघरात जन्मला. मी तेव्हा तिथे नव्हते, हे मला ओरा लीने पुढे सांगितलं. चर्चमधल्या बायका विचारायला लागल्या की लुवेनिया दिसत नाही. ओरा ली म्हणाली, आजारी आहे म्हणून सांगू. आई म्हणाली, "कसला आजार? टीबी म्हटलं तर उद्यापासून या घरात कोणी पाणी पिणार नाही. वेड म्हटलं तर ते पोरीच्या मागे लागेल. ती शाळेत जरा जोरात हसली की म्हणतील, बघा, आईवर गेली."

"मग?"

"पळून गेली म्हणायचं. पळून जाणारीला लोक शिव्या घालतात आणि तिच्या पोरीची कीव करतात. वेडीच्या पोरीची कीव कोणी करत नाही, तिच्याकडे निरखून बघतात."

नाव ओरा लीने काढलं. सोन्याचा दातही तिचाच. ती पहिल्यापासून जरा हौशी.

मी परत आले तेव्हा सगळं तयार होतं. आईने दारातच सांगितलं, तू मेम्फिसला होतीस. मी बरं म्हणाले. तू आईच्या स्कर्टमागून बघत होतीस आणि विचारलंस, "ही बाई कोण?" खरं सांगायचं तर मला ती गोष्ट सोयीची वाटली. वाईट बाईला लोक बोलतात, पण तिला घाबरत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, मी मूठ इतकी घट्ट धरली की बोटं उघडायची विसरले.

डॉक्टरांना सांग. लाजू नकोस. लाजायचं माझं मी पुरेसं लाजून घेतलं आहे.

लुवेनिया


१९ ऑक्टोबर १९९१

शार्लीन,

फोनवर तू मला बोलू दिलं नाहीस, म्हणून लिहिते. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

तू म्हणालीस, "मोठी आई खोटं बोलली म्हणतेस? आता ती उत्तर द्यायला नाही म्हणून? पळून गेलीस हे सरळ कबूल कर, मी कधीतरी माफ करेन. पण त्यासाठी आजारपणाचं सोंग आणू नकोस." मग तू ओरा लीला फोन लावलास आणि ती म्हणाली, "मला बाई काही ठाऊक नाही, मेम्फिसला गेली होती एवढंच ऐकून आहे."

मला हसू आलं. चोराला कबुली द्यायची आहे आणि कोर्ट म्हणतंय, चल, पुरावा आण. ओरा लीवर चिडू नकोस. तिने आईच्या हातावर हात ठेवून शपथ घेतली होती आणि आई मेली म्हणून शपथ मरत नाही असं तिचं म्हणणं. हॉस्पिटलला मी कागद मागायला पत्र टाकलं आहे. तो येईपर्यंत काय झालं ते लिहून ठेवते, मग तुझं तू ठरव.

तू जुलै बासष्टमधली. तुझे वडील तेव्हा उत्तरेत कारखान्यात काम शोधायला गेले होते. घरात आई, ओरा ली, मी आणि तू. आपल्याकडे बाळंतिणीने महिनाभर उंबरा ओलांडायचा नाही, केस धुवायचे नाहीत, आणि आई नियमाची पक्की. पण तिसऱ्या दिवसापासून मला झोपच नकोशी झाली. थकवा नाही, भूक नाही. स्वयंपाकघराच्या भिंती धुतल्या. परसातल्या कोंबड्यांना बायबलातली नावं दिली आणि क्रमाने हाक मारली. मला इतकं छान आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. डोक्यात सगळ्या खोल्यांचे दिवे एकदम लागलेले.

त्याच आठवड्यात चर्चची उज्जीवन सभा होती, रोज संध्याकाळी गाणी, प्रवचनं आणि देवाने काय केलं त्याच्या साक्षी. मी म्हणाले, मला आत्मा बोलावतोय. आईने थोडा विचार केला आणि नियम मोडला. पहिल्या संध्याकाळी मी साक्ष द्यायला उभी राहिले ती चाळीस मिनिटं बसले नाही. शब्द आपोआप येत होते. लोक बाकांवरून उठले. "बोल, सिस्टर, बोल!" "वाट द्या तिला, वाट द्या!" पांढरे हातमोजे घातलेल्या बायका मला दोन्हीकडून वारा घालत होत्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातून दोन गाड्या भरून माणसं आली, लुवेनियाला ऐकायला. तिसऱ्या दिवशी पास्टरने स्वतःची खुर्ची दिली.

तुला माहीत आहे, आपल्याकडे अंगात येतं आणि जातं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मग घाम पुसतात, पाणी देतात, बाई घरी जाऊन मटार सोलायला बसते. माझ्यातून ते जाईना. आणि जात नाही याची कोणाला काळजी वाटली नाही, सगळ्यांना वाटलं, हिच्यावर कृपाच जास्त. आईलाही वाटलं. तिने आयुष्यभर दुसऱ्यांची फरशी पुसली आणि तिच्या घरात प्रचारक निघाली, तिचे पाय जमिनीला लागेनात. दुसऱ्या कुठल्या लोकांनी पहिल्याच दिवशी ओळखलं असतं की बाई आजारी आहे. आपल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना दोष देत नाही. आपल्याकडे शहाण्या माणसाला ओरडायला तेवढीच एक जागा होती, तिथे वेडं माणूस कसं ओळखू यावं?

बाराव्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी तुला घेऊन चर्चमध्ये गेले. रविवारच्या बाप्तिस्म्यासाठी व्यासपीठाखालच्या हौदात पाणी भरून ठेवलं होतं. आपण तान्ह्यांना बाप्तिस्मा देत नाही. जो स्वतःच्या तोंडाने हो म्हणेल त्यालाच. पण मला सांगण्यात आलं होतं की हिला आजच द्यायचा आणि बराच वेळ पाण्याखाली धरायचं. कोणी सांगितलं ते विचारू नकोस. मला ऐकू येत होतं.

मी कमरेपर्यंत पाण्यात होते. बाजूच्या खोलीत ओरा ली झग्यांना इस्त्री करत होती, ती दारात आली. अठरा वर्षांची पोर. ओरडली नाही, धावली नाही. म्हणाली, "अगं लुव, झग्याशिवाय?"

"वेळ नाही," मी म्हणाले.

"वेळ नाही काय? पांढऱ्या झग्याशिवाय बाप्तिस्मा होतो का कुठे? देवाला काय वाटेल? आण इकडे तिला, मी माप घेते. इस्त्री गरमच आहे, पाच मिनिटांत देते."

मला ते पटलं. झग्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक. मी तुला वर उचललं आणि तिच्या हातात दिलं. ती खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली. मग माणसं आली.

झालं ते एवढं. तू भिजलीसुद्धा नव्हतीस, फक्त तुझे पाय ओले झाले होते.

लुवेनिया


८ नोव्हेंबर १९९१

शार्लीन,

कागद आला. एकच पान. चार वर्षांचं एक पान, म्हणजे वर्षाला पाव. मूळ पान तुला पाठवते, मला त्याचा उपयोग नाही.

वाचायला अवघड जाईल म्हणून सांगते. वर लिहिलंय, निग्रो स्त्री, वय बावीस, बुद्धी बेताची. मी शाळेत सातही वर्षं पहिली होते, पण ते त्यांनी विचारलं नाही. डॉक्टर माझ्याशी चार वर्षांत दोनदा बोलले. एकदा नाव विचारलं आणि एकदा म्हणाले, दार लावून घे. आम्हाला मागच्या इमारतीत ठेवत. खाली लिहिलंय, 'धुलाईघरात काम उत्तम.' ते खरं आहे. पुढच्या इमारतीतल्या गोऱ्या रुग्णांच्या चादरी आम्ही धुवायचो. बरं करायला आणलं होतं की कामाला, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

शेवटची ओळ मी पहिल्यांदाच वाचली. 'तान्ह्या मुलीबद्दल रोज विचारते. उत्तर देऊ नये.'

मी विचारत होते हे मला आठवत नाही. तिथल्या गोळ्यांनी ती वर्षं धुऊन नेली. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी तुला विसरले होते, आणि मी तो दोष मुकाट्याने घेतला होता. पान हातात घेऊन मी टेबलाशी बसले आणि रडले, शार्लीन. रडता येतं मला, थोडा वेळ लागतो.

पान घेऊन मी ओरा लीकडे गेले. ती पोर्चवर बसून घेवडा निवडत होती. मी पान तिच्या मांडीवर ठेवलं.

"चष्मा नाही," ती म्हणाली.

"डोक्यावर आहे."

तिने वाचलं. मग टोपली बाजूला ठेवून म्हणाली, "मी आईला शब्द दिलाय, लुव."

"आई देवाघरी आहे. तिथे खोटं चालत नाही, तिला आत्तापर्यंत सगळं कबूल करावं लागलं असेल. तू कशाला अडून बसलीस?"

यावर ती जी हसली ती खुर्चीतून पडायची राहिली. आणि मग हसता हसता रडायलाच लागली. म्हणाली, "मला रोज वाटतं गं, मी बाहेर यायला दोन मिनिटं उशीर केला असता तर? कॉलरला सुरकुती पडली होती, मी ती परत ओली करणार होते."

ती तुला फोन करणार आहे. उचल.

लुवेनिया


२४ नोव्हेंबर १९९१

शार्लीन,

तुझं पत्र मिळालं. चार पानं. मी दोनदा वाचलं आणि शाळेत भात करपवला.

दोन प्रश्न विचारलेस, पैकी दुसरा आधी घेते. मी तुला कधी जवळ का घेतलं नाही. हात कापायचे, हे एक. गोळ्यांमुळे अजून कापतात, माझं अक्षर बघतेच आहेस. पण ते कारण मी डॉक्टरला सांगते. तुला खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. तू चार वर्षांची, पळत यायचीस आणि हात वर करायचीस. मला वाटायचं, हिला उचललं की माझे हात परत पाण्याकडे जातील. म्हणून मी हात मागे बांधून उभी राहायचे. पुढे तू हात वर करायचं सोडलंस. त्याचं मला जन्मभर दुःख आहे. हे मी कोणाला बोलले नव्हते.

आता पहिला. 'मला झालं तर मला कसं कळेल?'

तुला कळणार नाही. तेच तर त्याचं कपट आहे. दुखणं आलं की माणूस कण्हतो. हे आलं की माणूस गातो. तुला वाटेल, आयुष्यात पहिल्यांदा मला नीट दिसतंय. तुला वाटेल, आईला झालं ते वेगळं, माझं खरं आहे. जो तुला अडवेल तो तुला मूर्ख वाटेल, नाहीतर शत्रू. तेव्हा स्वतःवर विसंबू नकोस. आत्ता, शुद्धीवर आहेस तोवर, हे पत्र वेंडेलच्या हातात दे.

वेंडेल, तू वाचत असशील तर ऐक, बाबा. रडली तर घाबरू नकोस, बाळंतिणी रडतात. दोन रात्री झोपली नाही आणि तिसऱ्या दिवशी दमलेली दिसली नाही, तर घाबर. माझं आता छान चाललंय असं म्हणाली तर गाडी काढ. तिची परवानगी मागू नकोस. चर्चला विचारू नकोस, तुझ्या आईला विचारू नकोस, मलाही फोन नंतर कर. ती तुला वाट्टेल ते बोलेल. बोलू दे. बोलणं परत घेता येतं.

तुम्ही दोघं म्हणाल, ही म्हातारी अशुभ बोलते. बोलते खरी. माझ्या वेळी सगळे शुभ बोलत होते.

लुवेनिया


मिलवॉकी
२ जानेवारी १९९२

शार्लीन,

हे नर्सच्या हातून वर पाठवते आहे. डॉक्टर म्हणाले, कालपासून तू वाचू लागलीस आणि एका जागी बसतेस. काय झालं ते तुला तुकड्या-तुकड्यांनी आठवत असेल. सलग सांगते, म्हणजे मधल्या जागा तू भलत्या गोष्टींनी भरायची नाहीस.

किआरा पंधरा डिसेंबरला झाली, ते तुला आठवतं. नाताळ नीट गेला. मग तू दोन रात्री झोपली नाहीस. सत्तावीस तारखेला वेंडेल कामावरून आला तर तू घरच्या झग्यावर बर्फात उभी राहून खिडक्या बाहेरून पुसत होतीस. बाळ आत पाळण्यात, कोरडं आणि सुखरूप. हे आधी वाच, मग पुढचं. तो म्हणाला, "शार, आत चल." तू म्हणालीस, "मला इतकं छान कधीच वाटलं नव्हतं." त्याच्या खिशात माझं पत्र होतं. तूच दिलं होतंस. त्याने गाडी काढली. कोट घालायला आत आणलं तर तू त्याला बशी फेकून मारलीस, कपाळाला दोन टाके पडले आहेत. तो सगळ्यांना दाखवत फिरतो, जणू पदक मिळालंय.

त्याने सांगितल्यावर मी बसने आले. एक दिवस आणि वर थोडे तास, शेजारी एक बाई जिने शिकागोपर्यंत स्वतःच्या गुडघ्यांचा इतिहास सांगितला. तुझ्या डॉक्टरांनी मला बसवून घेतलं आणि पाऊण तास विचारलं. माझं काय झालं, कोणत्या गोळ्या लागू पडल्या, कशाने त्रास झाला. सगळं लिहून घेतलं. मी मध्येच थांबले तर म्हणाले, "सांगा ना, याचा तिला उपयोग होईल." माझ्या त्या वर्षांचा कोणाला उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. ते म्हणतात, काही आठवडे लागतील. वर्षं नाहीत, आठवडे. मी त्यांना परत विचारलं, त्यांनी परत तेच सांगितलं.

किआराला मी सांभाळते. पहिल्या दिवशी वेंडेलने तिला माझ्या हातात दिलं तेव्हा मी त्याला म्हणाले, तू इथेच बस. तो बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. काल म्हणाला, "मी जरा बर्फ काढून येऊ का?" आणि मी जा म्हणाले. ती पिते, ढेकर देते आणि माझ्याकडे ओरा लीसारखी बघते.

आता तुला विचारायची गोष्ट. खरं तर सांगायचीच, कारण करून बसले आहे. आज सकाळी तुझ्या सासूबाई आल्या. चांगली बाई आहे, रताळ्याचं सारण भरलेली गोड पाई घेऊन आली होती. बसल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "मिस लुवेनिया, चर्चमधल्या बायका विचारताहेत हो. मी म्हटलं, तुम्हाला विचारून मग सांगावं. शार्लीन दक्षिणेत तुमच्याकडे गेली आहे असं म्हणूया का? हवापालटाला?"

मी म्हणाले, "मी इथे, मग ती तिकडे कोणाकडे गेली?"

"मग काय सांगू? लोक काहीही बोलतात. उद्या तिला परत त्याच बाकावर बसायचंय. बाळाचाही विचार करायला हवा ना."

अगदी आईच बोलत होती. तोच विचार, तीच माया, खोटं काही नाही त्यात. मला एकदम त्या बाईचा राग आला आणि लगेच गेला. मी बाळाला खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "त्यांना सांगा, शार्लीन हॉस्पिटलात आहे. चौथा मजला, मानसिक आजाराचा विभाग. तिच्या आईलाही हाच आजार आहे, ती आईही आलेली आहे, घरी बाळाला न्हाऊ घालते आहे. भेटायची वेळ दुपारी दोन ते चार. फळं आणा, फुलं ठेवायला जागा नाही."

 त्यांनी पर्समधून रुमाल काढला, नाक पुसलं, त्याची घडी घातली. आणि म्हणाल्या, "माझ्या धाकट्या बहिणीला आम्ही सांगितलं होतं, ओहायोला शिकायला गेली आहे."

आम्ही दोघींनी मिळून पाई संपवली.

उद्या त्या येणार आहेत, बरोबर चर्चमधल्या आणखी दोघी. तुला नको असेल तर नर्सला सांग, मी त्यांना दारातून परत पाठवीन आणि वाईटपणा घेईन, मला सवय आहे. हवं असेल तर मी आधीच, दीडला येईन. नर्सला विचारलं आहे, आईला सोडतात म्हणाली. कंगवा आणि डोक्याचं तेल पिशवीत भरून ठेवलं आहे. आठ दिवस कोणी हात लावला नसेल, गुंता झाला असेल. हळू सोडवीन. माझे हात थोडे कापतात, वेण्या अगदी सरळ येणार नाहीत. मी खुर्चीत बसेन, तू खाली पाठमोरी बस, माझ्या गुडघ्यांना टेकून.